एका निळ्या चहादाणीचा कालनिर्णय

ज्या पृष्ठांवर सनदा, महजर, पोथ्या व नाणीं यांची चर्चा व्हावयाची, तेथें चहाच्या एका भांड्यास जागा कां द्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यास उत्तर एवढेंच कीं, कागद पारखण्याचे जे नियम आपण मान्य केले आहेत ते भांड्यांसहि लागू पडतात. आणि ते वेळीं न लावल्यामुळें प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडून ती सुमारें तीस वर्षें विद्यार्थ्यांस सत्य म्हणून सांगितली गेली. ती चूक दुरुस्त करणें हा या लेखाचा पहिला हेतु होय. आपल्याकडील जुन्या घरांतून अद्यापि आढळणाऱ्या इंग्रजी मातीच्या भांड्यांची पारख कशी करावी, हें त्या निमित्तानें थोडक्यांत सांगणें हा दुसरा हेतु.

१. वस्तु व तिची आख्यायिका

छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील आमच्या राहत्या घरांत एक चहादाणी कित्येक पिढ्या जपून ठेविलेली आहे. बुडापासून झांकणाच्या बोंडापर्यंत तिची उंची सुमारें एक वीत भरते. पोट गोल व किंचित् चपटें, तोटी वळणदार, कान जाड. पांढऱ्या अंगावर दोन्ही बाजूंस गडद निळ्या रंगांत चिनी धाटणीचें चित्र असून कांठांवर भौमितिक वेलपट्टी आहे. तोटीचें टोंक थोडें उडालेलें आहे व झांकण एके ठिकाणीं लाखेनें सांधलेलें आहे.

हिच्याविषयींची घरांतील आख्यायिका अशी : इ. स. १८०३ (शके १७२५) मध्यें जनरल आर्थर वेलस्ली अहमदनगर घेऊन ऑगस्टच्या अखेरीस औरंगाबादेवरून गेला, आणि २३ सप्टेंबर रोजीं असई येथें त्याची शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशीं गांठ पडली. असई हें गांव आज जालना जिल्ह्यांत मोडतें. त्या स्वारींत आमच्या एका पूर्वजानें इंग्रजी छावणीस धान्य पुरविलें, व लढाईनंतर खुद्द जनरलच्या तंबूंतील ही चहादाणी त्यास बक्षीस मिळाली. चहादाणीच्या बुडास आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेली एक चिठ्ठी खळीनें चिकटविलेली होती. तिच्यावर ‘असईचे लढाईंतील’ एवढीं दोनच पदें होतीं.

शिक्षकाच्या पेशांत असतांना दर वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस ही चहादाणी पंचांत गुंडाळून मी वर्गांत नेत असें. मुलें ती एकमेकांच्या हातांत देत, आणि असईची लढाई त्यांच्या ध्यानांत राही. पुढें एका पुस्तकांत मला वाचावयास मिळालें कीं, ही नक्षी इंग्लंडांत १७९० च्या सुमारास स्थिर झाली. मग काय विचारतां! नक्षी १७९० ची, लढाई १८०३ ची; आख्यायिकेस स्वतंत्र प्रमाण मिळालें असें मीं धरून चाललों व तसें चार ठिकाणीं बोलूनहि दाखविलें.

गेल्या पावसाळ्यांत ओलीनें ती चिठ्ठी सुटली. तिच्याखालीं निळ्या रंगांत, झिलईच्या आंत, इंग्रजी अक्षरांनीं छापलेला एक शब्द निघाला : ‘इंग्लंड’. या एका शब्दानें सर्व प्रकरण पुन्हा तपासणें भाग पाडलें.

२. माती आणि झिलई

आपल्याकडे झिलईच्या सर्व भांड्यांस सरसकट ‘चिनी’ म्हणण्याचा प्रघात आहे. दौलताबादच्या किल्ल्यांत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर ज्या इमारतींत कैदेंत होता तिला ‘चिनी महाल’ म्हणतात. हें नांव तेथील भिंतींवरच्या झिलईदार फरशांवरून पडलें. चीन देशाशीं त्या इमारतीचा संबंध नाहीं. म्हणून प्रथम ‘चिनी’ या नांवाच्या पोटांतील दोन जाती निराळ्या केल्या पाहिजेत.

खरी चिनी माती अतिशय कडक आंचेवर भाजलेली असते. ती कांचेसारखी घट्ट होते, पातळ कडेंतून उजेड दिसतो, व टिचकी मारल्यास खणखणीत नाद येतो. दुसरी जात साध्या भाजलेल्या मातीची. हिच्यांतून उजेड दिसत नाहीं, नाद बद्द येतो, आणि टवका उडालेल्या जागीं आंतील माती खडूसारखी दिसून पाण्याचा थेंब शोषून घेते. आमची चहादाणी या दुसऱ्या जातीची आहे. तोटीच्या फुटक्या टोंकावर थेंब ठेवतांच तो मुरतो. म्हणजे कुळानें ती आपल्या कुंभाराच्या मडक्याच्याच नात्यांतली. फरक मातीच्या निवडीचा व झिलईचा.

इंग्लंडांत या धंद्याचें मुख्य ठिकाण म्हणजे स्टॅफर्डशायर परगण्यांतील बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक इत्यादि गांवें. तेथें भट्ट्यांना लागणारा दगडी कोळसा मुबलक होता. पांढरी माती दूरच्या कॉर्नवॉलहून व चिकण माती डेव्हन व डॉर्सेटहून येई. गारगोटी भाजून, दळून तिच्यांत मिसळीत. १७७७ मध्यें ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा पुरा झाल्यावर हा माल फुटतूट न होतां लिव्हरपूल बंदरास पोहोंचूं लागला आणि तेथून जगभर गेला. जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) यानें १७६५ मध्यें राणी शार्लटसाठीं चहाचीं भांडीं करून दिलीं, तेव्हांपासून त्याच्या दुधी-पिवळसर भांड्यांना ‘राणीचीं भांडीं’ हें नांव मिळालें. १७७९ मध्यें त्यानेंच झिलईंत कोबाल्टचा अंश घालून पांढऱ्या मोत्यासारखी छटा असलेला माल काढला. निळ्या छापाला ही पांढरी पार्श्वभूमि शोभून दिसे. म्हणून १८०० च्या आसपासचीं बहुतेक निळीं छापील भांडीं या मोतिया झिलईचीं आहेत.

हा तपशील कालनिर्णयास उपयोगी आहे. मोतिया झिलई ज्या ठिकाणीं साचते, म्हणजे बुडाच्या कड्याच्या कोनांत किंवा कानाच्या सांध्यांत, तेथें निळसर झांक स्पष्ट दिसते. आमच्या चहादाणीच्या बुडाशीं व कानाशीं भिंग लावून पाहिलें; झिलई स्वच्छ, निळसरपणाचा लेशहि नाहीं. ‘इंग्लंड’ हा शब्द नसता तरी एवढ्यावरून १८०३ या सालाविषयीं शंका घ्यावयास हवी होती.

३. निळा ठसा

वरील चित्र कुंचल्यानें काढलेलें नाहीं. तें छापलेलें आहे. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर व गाय ग्रीन यांनीं १७५६ मध्यें प्रतिज्ञेवर सांगितलें कीं, आपण सहा तासांत बाराशेंहून अधिक फरशा छापल्या. त्यांचा छाप झिलईच्या वर असे. झिलईच्या खालीं निळा छाप मातीच्या भांड्यांवर उत्तम रीतीनें उठविण्याचें श्रेय स्टोक येथील जोसाया स्पोड (१७३३–१७९७) यास देतात. काळ १७८४ च्या सुमाराचा.

कृति अशी. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचें. पत्रा ऊन करून त्यांत तेलांत खललेला कोबाल्टचा रंग भरावयाचा, वरचा रंग पुसून टाकावयाचा, आणि पातळ कागदावर छाप घ्यावयाचा. तो ओला कागद कापून, एकदां भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या भांड्यावर बसवून ताठ केसांच्या कुंचल्यानें घासावयाचा. रंग सच्छिद्र मातींत मुरतो. मग कागद पाण्यानें धुवून काढतात. मंद आंचेवर तेल जाळून टाकल्यावर भांडें झिलईंत बुडवून पुन्हा भाजतात. झिलईच्या भट्टीची आंच सोसूनहि न बिघडणारा त्या काळचा भरंवशाचा रंग म्हणजे कोबाल्टचा निळा. म्हणूनच आरंभीं हीं भांडीं बहुतेक निळींच निघालीं.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुस्तकाच्या छपाईंत पत्र्यावरचें चित्र एकदांच उलटतें, म्हणून तें उलटें कोरावें लागतें. येथें पत्र्यावरून कागदावर व कागदावरून भांड्यावर असें दोनदां उलटत असल्यानें कोरणारा तें सरळच कोरतो.

छापील नक्षी ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे सांधा. सपाट कागद गोल पोटावर बसत नाहीं, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनीं लावावा लागतो. आमच्या चहादाणीवर कानाच्या खालीं कांठाच्या पट्टीचीं दोन टोंकें एकमेकांस मिळत नाहींत. एक चौकोन अर्धाच राहिला आहे. तोटीपाशीं कुंपणाचा तुकडा कापला गेला आहे. झांकणावर तर एका पक्ष्याचा केवळ पंख आला आहे; पक्षी कागदाबरोबर कात्रीखालीं गेला असावा. हस्तलिखित पोथी व शिळाछाप पोथी यांत जो भेद तोच कुंचल्याच्या व ठशाच्या भांड्यांत समजावा.

४. वाळुंजीचें चित्र

या नक्षीस इंग्रजींत ‘विलो पॅटर्न’ म्हणतात. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकांठीं उगवणाऱ्या वाळुंजीच्या जातीचें झाड. म्हणून पुढें मी हिला वाळुंज-नक्षी म्हणेन. चित्रांतील वस्तु ठराविक आहेत. मध्यें पाण्यावर लवलेलें वाळुंजीचें झाड; त्याच्या बाजूस पूल व पुलावर तीन माणसें; उजवीकडे फळांनीं लगडलेल्या झाडाखालीं मोठा मंडप; पुढें नागमोडी कुंपण; वर डावीकडे होडी व दूरचें बेट; आणि आकाशांत समोरासमोर उडणारे दोन पक्षी.

हें चित्र पाहून कोणासहि वाटेल कीं, एखाद्या चिनी ग्रंथांतील प्रसंग इंग्रजांनीं उतरून घेतला. वस्तुतः चिंग्देचेनच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरील देखाव्यांचे सुटे अवयव घेऊन इंग्रज कोरणारांनीं १७८०–१७९० च्या दरम्यान ही जुळणी केली, आणि तीन माणसांच्या पुलासह तिचें रूढ रूप १७९० च्या सुमारास ठरलें. चिनी भांड्यांचा उत्तम निळाहि एके काळीं इराणकडील कोबाल्टवर अवलंबून होता. म्हणजे रंगाची प्रेरणा इराणी-चिनी, देखावा चिनी तऱ्हेचा, हात इंग्रज, आणि भांड्याचें रूप चीनमधील यीशिंगच्या लाल चहादाण्यांपासून सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत आलेलें.

आतां कथा. या चित्रास एक करुण प्रेमकथा जोडलेली आहे : चिनी अधिकाऱ्याची कन्या कूंग-से, तिच्या पित्याचा कारकून चांग, त्यांचें पळून जाणें, पुलावरून पित्याचा पाठलाग, अखेर मृत्यु, आणि दोघांचे झालेले पक्षी. कित्येक संग्राहक ही कथा चीनची पुरातन दंतकथा म्हणून सांगतात. परंतु ती छापून प्रसिद्ध झाली १८४९ मध्यें, ‘द फॅमिली फ्रेंड’ नांवाच्या इंग्रजी नियतकालिकांत. नक्षीच्या पूर्वींच्या रूपांत तर तीन माणसांचा पूलहि नाहीं. मग पाठलाग कोणाचा? चित्र आधीं होतें. पाहणारांनीं त्यास कथा मागून लाविली. क्षेत्राचें माहात्म्य देवळाहून अर्वाचीन असूं शकतें, हें आपणांस ठाऊकच आहे.

इंग्रज कोरणारांनीं हिंदुस्थानचे देखावेहि सोडले नाहींत. टॉमस व विल्यम डॅनिएल यांच्या चित्रसंग्रहांतील इमारती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं भांड्यांवर उतरल्या, आणि कॅप्टन विल्यमसनच्या शिकारीच्या ग्रंथांतील चित्रांवरून स्पोडच्या कारखान्यानें एक मालिका काढली. पुण्यास सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढणाऱ्या जेम्स वेल्सनें वेरूळच्या लेण्यांचीं जीं रेखाटनें केलीं होतीं, त्यांवरून डॅनिएलनीं सिद्ध केलेला खंड १८०३ मध्यें, म्हणजे असईच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. पुढें उलट प्रवाहहि वाहिला. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं निघालेल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या नक्षीचा उपयोग केला गेला. ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या नकला करीत होते त्यांचें हें फळ होय.

५. चूक कोठें झाली

वाळुंज-नक्षी १७९० ची, हें विधान खरें आहे. आमची चहादाणी १७९० च्या नक्षीची, हेंहि खरें. यावरून ती १८०३ पूर्वींची असें मीं अनुमान केलें, तें मात्र खोटें. पोथी पारखतांना आपण ग्रंथरचनेचा शक व लेखनाचा शक निराळे धरतों. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची म्हणून तिची प्रत्येक प्रत शके १२१२ ची ठरत नाहीं. ही गोष्ट मीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली असेल. पण चहादाणी हातांत घेतांच मला तिचा विसर पडला. नक्षी म्हणजे ग्रंथ, भांडें म्हणजे प्रत. वाळुंज-नक्षी तर अशी कीं, दोनशेंहून अधिक वर्षें ती अनेक कारखान्यांतून छापली गेली. तिच्यावरून फार तर वरची मर्यादा कळते. प्रतीचा शक पुष्पिकेंतच पाहावा लागतो. भांड्याची पुष्पिका म्हणजे बुडावरील मुद्रा.

मुद्रांविषयींच्या उपयुक्त खुणा अशा. अमेरिकेनें १८९० मध्यें जो जकातीचा कायदा केला त्यानें परदेशी मालावर उत्पत्तीच्या देशाचें नांव घालणें आवश्यक ठरविलें व १८९१ पासून त्याचा अंमल झाला. तेव्हांपासून ‘इंग्लंड’ हा शब्द छापण्याची सर्वसाधारण चाल पडली. क्वचित् कोणी तो थोडा आधींहि घालीत. ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द बहुधा विसाव्या शतकाचे समजावे. कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनाची मुद्रा असेल तर ती आकृतीच्या सरकारी नोंदणीची, १८४२ ते १८८३ या काळांतील. तिच्या कोपऱ्यांतील अक्षरांवरून नोंदणीचें वर्षहि काढतां येतें. १८८४ पासून तिच्या जागीं साधा क्रमांक आला. राजचिन्हाची मुद्रा असल्यास ढालीच्या मध्यभागीं आणखी एक लहान ढाल आहे काय तें पाहावें. हॅनोव्हरच्या राज्याची ती ढाल १८३७ मध्यें व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यावर राजचिन्हांतून निघाली. परंतु जुनें चिन्ह एखाद्या कारखान्यानें पुढेंहि चालू ठेविलेलें असूं शकतें. नकलनवीस मूळ प्रतीचा शक उतरून ठेवतो तसाच हा प्रकार. मुद्रा मुळींच नसणें हें मात्र कशाचेंच प्रमाण नव्हे.

एकंदरींत आमची चहादाणी असईच्या लढाईनंतर सुमारें नव्वद वर्षांनीं, किंवा त्याहूनहि मागून, घडली. जनरल वेलस्लीनें तिच्यांतून चहा घेणें शक्य नव्हतें.

६. दुसरी साक्ष

येथें एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. या चहादाणीविषयीं आमच्या घरांत आणखी एक परंपरा होती. आजोबांच्या वडील भगिनी, ज्यांना आम्ही मुलें ताईआजी म्हणत असूं, त्या माझ्या लहानपणीं हयात होत्या. असईची गोष्ट निघाली कीं त्या म्हणत, “लढाईची कशाची रे! दादांनीं छावणींतल्या लिलावांत घेतली ती, दोन हाली रुपयांना. आई आठ दिवस बोलली नाहीं त्यांच्याशीं.” यावर सर्व मंडळी हंसत. म्हाताऱ्या माणसाचें बोलणें म्हणून कोणी तें मनावर घेतलें नाहीं, मींहि नाहीं.

आतां तेंच बोलणें पारखून पाहूं. ताईआजींचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, छावणींत कारकुनी करीत होते. औरंगाबादची छावणी प्रथम हैदराबाद कंटिंजंटची; १९०३ मध्यें ती फौज हिंदी सैन्यांत सामील झाली. बदलून जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीं सामान लिलावानें विकून टाकावें ही छावण्यांतील नेहमींची रीत. १९०० च्या सुमारास मनमाडहून आगगाडीहि येथवर आली होती, त्यामुळें असला फुटका माल येणें सोपें झालें होतें. किंमत त्यांनीं हाली रुपयांत सांगितली. निजामी राज्यांत हाली व कलदार हे दोन निराळे रुपये चालत, आणि बनावट गोष्ट रचणारा मनुष्य एवढा भेद ठेवीत नाहीं. शिवाय तिच्या सांगण्यांत कुलाचा गौरव कोठेंहि नाहीं. उलट घरांतील भांडण आहे. जी साक्ष सांगणाराच्या सोयीची नाहीं ती अधिक विश्वसनीय, हा आपला नित्याचा नियम. मुद्रेशीं हिचा पूर्ण मेळ बसतो.

भांडणाचें कारणहि उघड आहे. मृण्मय पात्र अशुद्ध झाल्यास तें पुन्हा भाजल्यानेंच शुद्ध होतें, असें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. घांसून-धुवून चालणारें तें तांब्यापितळेचें पात्र नव्हे. परक्याच्या पंक्तींतलें, उष्टें, आणि शुद्ध करण्याचा उपाय नसलेलें भांडें सोंवळ्याच्या घरांत आलें. तें स्वयंपाकघरांत जाणें शक्य नव्हतें. दिवाणखान्याच्या कोनाड्यांत तें राहावयाचें तर त्यास कांहीं तरी अधिकार हवा. लढाईंतील बक्षीस म्हटलें कीं तो अधिकार आपोआप प्राप्त होतो. माझ्या मतें असईच्या आख्यायिकेचें मूळ यांतच आहे. वाळुंजीच्या चित्रास इंग्रजांनीं जशी मागून कथा जोडली, तशीच आम्हीं चहादाणीस जोडली. आजोबांनीं चिठ्ठी लावतांना खालचा शब्द झांकला, त्यांत लबाडी नसावी. भांडें इंग्रजांचें, एवढाच त्या शब्दाचा अर्थ त्यांनीं घेतला असेल.

भांडें नव्वद वर्षांनीं लहान ठरलें म्हणून टाकाऊ ठरत नाहीं. आमच्या शहराचा हिमरू किनखापाची प्रतिकृति म्हणूनच प्रसिद्धीस आला, आणि आज तोच संग्रहणीय आहे. जनरलची चहादाणी नाहींशी झाली. तिच्या जागीं एका कारकुनाची हौस, त्याच्या पत्नीचा अबोला व एका मुलीची आठवण एवढें आलें. त्यांतील तिसरी गोष्ट साठ-सत्तर वर्षें कोणी ऐकून घेतली नाहीं, याची खंत वाटते.

आजोबांची चिठ्ठी फेंकून दिलेली नाहीं. ती निराळ्या पाकिटांत ठेविली असून तिच्याबरोबर ताईआजींचें म्हणणें मीं स्मरणाप्रमाणें लिहून जोडलें आहे. ऐकल्याचा अदमासें काळ व लिहिल्याची तारीख दोन्हीं घातलीं आहेत. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, घरीं अशीं भांडीं असल्यास त्यांच्या बुडावर कांहींहि चिकटवूं नये, असलेली मुद्रा खरवडूं नये, आणि तिचें छायाचित्र घेऊन माप, माती, झिलई व नक्षी यांची टीप करावी. घरांतील परंपरा जितक्या असतील तितक्या, प्रत्येक कोणाकडून ऐकली तें नमूद करून, स्वतंत्र कागदावर लिहाव्या. पूर्वीं माझ्या वर्गांत असलेल्या कोणाच्या नजरेस हा लेख पडल्यास त्यांनीं असईच्या टिपणांतून चहादाणी तेवढी खोडावी. बाकीचा मजकूर बरोबर आहे.